सरकारी योजनेतून शैक्षणिक कर्ज घेताना

शैक्षणिक कर्ज सरकार देते, असा समज नाशिक जिल्ह्यातील पालकांमध्ये आजही आढळतो. प्रत्यक्षात पैसे बँकेचे असतात. सरकार व्याजाचा काही भार उचलते किंवा बँकेला हमी देते. त्यामुळे कर्ज आणि व्याज अनुदान या दोन्हींची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते, कारण कर्ज मंजूर झाले म्हणजे अनुदानही मिळाले असे होत नाही.

अर्जापूर्वी मुळात किती रक्कम लागणार आहे ते ठरवावे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरील शुल्क सवलत आधी पाहावी. पात्र प्रवर्गांतील मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मग कर्ज प्रामुख्याने वसतिगृह, खाणावळ आणि पुस्तकांपुरतेच लागते. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून वेळेत काढून ठेवावा. प्रवेशाच्या दिवसांत तेथे मोठी गर्दी असते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगिती काळात (शिक्षण आणि त्यानंतरचे एक वर्ष, जेव्हा हप्ते भरावे लागत नाहीत) तीन टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. महाविद्यालय त्या यादीत नसेल, पण अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, संस्थेला नॅकचे किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचे (या गुणवत्ता तपासणाऱ्या संस्था आहेत) मानांकन असेल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर स्थगिती काळातील संपूर्ण व्याज भरणाऱ्या केंद्रीय योजनेसाठी अर्ज करावा. शिक्षण अर्धवट सोडल्यास हे अनुदान जाते.

हे अनुदान किती मोलाचे आहे, हे आकडेमोडीवरून कळते. चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दरवर्षीच्या सुरुवातीला दीड लाख उचलले, दर दहा टक्के धरला आणि शिक्षणानंतर एक वर्षाची सवलत मिळाली, तर पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वीच सरळ व्याज दोन लाख दहा हजार होते. अनुदान नसेल, तर जमेल तेवढे व्याज शिक्षण सुरू असतानाच भरावे, हे उत्तम.

या योजनांबाहेरील कर्जाला साधारणतः साडेसात लाखांच्या वर तारण लागते, आणि निफाड-दिंडोरीकडील शेतकरी येथे अडतात. द्राक्षबागेची जमीन लाखमोलाची असली, तरी बँकेला न्यायालयात न जाता तारण विकून वसुली करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नसल्याने वसुली अवघड जाते. म्हणून बँका बिनशेती भूखंड किंवा सदनिका पसंत करतात. सहकर्जदार असलेल्या पालकाचे पीककर्ज थकीत असेल, तर ते पतअहवालात उमटते. तो अहवाल आधीच काढून पाहावा आणि थकबाकी फेडली असल्यास बेबाकी दाखला सोबत जोडावा.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरून घराजवळची शाखा निवडावी, म्हणजे पडताळणी सोपी जाते. प्रवेशपत्र, शुल्कपत्रक, गुणपत्रिका, आधार आणि पॅन लागतात. मंजुरीपत्र हाती आल्यावर त्यात व्याजदर, स्थगिती काळ आणि अनुदानाची नोंद आहे का, हे तपासूनच सही करावी. नोंद नसेल, तर शाखेकडे लेखी विनंती करून पोच घ्यावी.