वर्गात जमलेला उपक्रम जर्नलमध्ये पाठवताना

आधी जर्नल ठरवा, मग लिहायला बसा. उलट क्रमाने गेलात तर तोच लेख दुसऱ्यांदा लिहावा लागेल. विज्ञानशिक्षणाची जर्नल्स वरवर सारखी दिसतात, पण त्यांचा वाचकवर्ग वेगवेगळा असतो. 1919 पासून निघणारं 'स्कूल सायन्स रिव्ह्यू' आणि 2006 मध्ये सुरू झालेलं 'सायन्स इन स्कूल' शाळेतल्या शिक्षकांसमोर जातात. 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन' 1924 पासून रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांचं आहे आणि तिथे प्रयोगातल्या धोक्यांची नोंद नसेल तर लेख पुढे सरकत नाही. 'रेझोनन्स' या विज्ञानशिक्षणाच्या भारतीय मासिकात 'क्लासरूम' नावाचा वेगळा विभाग आहे. 'कोर्ससोर्स' पदवीच्या वर्गात प्रत्यक्ष घेतलेले पाठ छापतं. त्याचा साचा इतका तपशीलवार आहे की लेख दुसरीकडे पाठवणार असलात तरी तो एकदा भरून पाहा, असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. जो रकाना भरताना पेन थांबेल, तिथेच जर्नलसाठी लेख तपासणारा समीक्षकही थांबणार आहे. 'जर्नल ऑफ रिसर्च इन सायन्स टीचिंग'सारखी जर्नल्स मात्र संशोधनासाठी आहेत. नाव मोठं म्हणून उपक्रम तिकडे पाठवू नका.

आता माझा लेख जिथे अडकला त्या जागेबद्दल. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथे अडकलेले चांगले शिक्षक मी अजूनही पाहते.

उपक्रम परासरणाचा, म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाणी आत-बाहेर जाण्याचा होता. बटाट्याच्या सारख्या मापाच्या कांड्या कापायच्या, वजन करायचं, साखरेच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत ठेवायच्या, ठरलेल्या वेळाने काढून पुन्हा वजन करायचं. वजनातला शेकडा बदल आलेखावर मांडला की रेषा एका जागी शून्याला छेदते. त्या तीव्रतेला पाणी आत जाणं आणि बाहेर येणं सारखं असतं. बटाट्यासाठी ती बहुतेकदा 0.2 ते 0.4 मोल प्रति लिटरच्या दरम्यान येते. लेखात अध्ययन निष्पत्ती, म्हणजे तासानंतर मुलांना काय करता येईल ते, अशी होती : 'विद्यार्थी आलेखावरून पेशींच्या आतल्या द्रावणाविषयी अनुमान काढतील.' आणि चाचणीत प्रश्न होते : परासरण म्हणजे काय? तीव्र द्रावणात पेशी फुगेल की आकसेल? आधीचे गुण, नंतरचे गुण, वाढ, सगळा तक्ता व्यवस्थित होता. समीक्षकाच्या शेऱ्याचा मथितार्थ एवढाच होता की ज्याचा दावा केला आहे ते कुठे मोजलेलंच नाही.

हे वाक्य नीट पचवा. परासरणाची व्याख्या लिहायला बटाटा लागत नाही, वजनकाटा लागत नाही, आलेखही लागत नाही. पुस्तकाचं पान वाचून आलेलं मूलही तो प्रश्न सोडवेल. मग गुण वाढले ते उपक्रमामुळे की वाचनामुळे, हे वाचकाने कसं ठरवायचं? म्हणून प्रत्येक प्रश्नाला ही कसोटी लावा : उपक्रम न करता हा सुटतो का? सुटत असेल तर तो पुरावा म्हणून चालणार नाही. त्याऐवजी मुलांना न पाहिलेली आकडेवारी द्या. समजा, गाजराचे तुकडे 0.3 मोलच्या द्रावणात 4 टक्क्यांनी जड झाले आणि 0.5 मध्ये 3 टक्क्यांनी हलके. आतली तीव्रता कुठे असेल? खात्री करायला आणखी एकच द्रावण बनवायचं असेल तर कोणतं बनवाल, आणि का? या 'का'च्या उत्तरात मुलाचा विचार दिसतो.

पण नुसता प्रश्न बदलून भागत नाही, खरी गोम पुढे आहे. तासाला वेळ कमी पडतो, म्हणून फळ्यावर रेषा शिक्षकच ओढतात आणि छेदनबिंदूवर बोटही तेच ठेवतात. मग अनुमान काढायची संधी मुलांना मिळालीच कुठे? निष्पत्तीत 'अनुमान काढतील' लिहायचं असेल तर गटागटाने रेषा ओढायला, त्यावरून भांडायला तासात मोकळी जागा हवी. म्हणजे तासाची आखणी बदलते, उत्तरं नव्याने गोळा करावी लागतात आणि पुढच्या तुकडीपर्यंत थांबणं येतं. लिहिण्याआधी कागदावर तीन रकाने आखले तर हा फेरा वाचतो. पहिल्यात निष्पत्ती, दुसऱ्यात विद्यार्थी नेमकं काय करतात, तिसऱ्यात ते कोणत्या प्रश्नातून दिसतं. ओळ आडवी वाचा. दुसऱ्या रकान्यात 'शिक्षक समजावून सांगतात' आलं की ती ओळ तुटली. पहिल्यात 'समजेल' किंवा 'गोडी निर्माण होईल' असं क्रियापद आलं की तिसरा रकाना कधीच भरणार नाही. हे इतकं साधं आहे, तरी उत्साहाच्या भरात निसटतं. तुमचा उपक्रम वाईट आहे असा याचा अर्थ कधीच नसतो.

दुसरी गोष्ट परवानगीची, आणि इथे मी गोड बोलणार नाही. मुलांची उत्तरं, गुण, फोटो छापायचे असतील तर नैतिकता समितीची मंजुरी आणि पालकांची संमती विदा (डेटा) गोळा करण्याआधी घ्या. मागची तारीख टाकून ती मिळत नाही, आणि मिळवायचा प्रयत्नही करू नका. संस्थेत अशी समितीच नसेल तर घाबरायचं कारण नाही. लेखात काय काय येणार आहे ते लिहून संपादकांना आधीच ईमेल करा. असे प्रश्न त्यांच्याकडे नेहमी येतात. काही जर्नल्स मुलांच्या विदाशिवाय निव्वळ उपक्रमाचं वर्णनही घेतात.

लेखनात भाषेपेक्षा हातचे बारकावे लिहा. बटाट्याच्या कांड्या द्रावणातून काढल्यावर टिपकागदाने सगळ्या बाजूंनी एकसारख्या टिपाव्या लागतात. एका गटाने टिपल्या आणि दुसऱ्याने तशाच ओल्या ठेवल्या तर आलेखाची रेषा विस्कटते. कांडीवर साल राहिली तर पाण्याची वाट अडते. तुमच्या हातांना हे इतकं सवयीचं झालेलं असतं की लिहायचं सुचत नाही, आणि वाचणाऱ्या शिक्षकाचा तास नेमका तिथे फसतो. कच्चा लेख दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला द्या, त्याच्या वर्गात मागे बसा आणि तोंड बंद ठेवा. तो जिथे तुमच्याकडे वळून पाहील तिथे एक वाक्य कमी आहे.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत ठाम आहे. 'पाठवून तर बघ' म्हणणारा मार्गदर्शक नव्हे, लेख वाचून समासात खुणा करणारा मार्गदर्शक. मोठं नाव जोडलं की लेख लागतो, हा सल्ला ऐकू नका. ज्याने काम केलं नाही त्याचं नाव लेखक म्हणून येता कामा नये. आठवड्यात छापून देतो, फी भरा, अशा जाहिराती करणाऱ्यांकडे फिरकू नका. एकच लेख एकाच वेळी दोन जर्नल्सना पाठवणं तर पूर्ण वर्ज्य.

आणि 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा, असा निर्णय आला तर खचू नका. ज्या लेखात त्यांना काही दिसत नाही त्यावर समीक्षक दोन पानं खर्च करत नाहीत. पहिल्या दिवशी शेरे फक्त वाचा, उत्तर लिहू नका. नंतर प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली काय बदललं आणि कितव्या ओळीत बदललं ते लिहा. एखादा शेरा पटला नाही तर कारण देऊन तसं सांगा. संपादक ते मान्य करतात, मात्र एकही शेरा अनुत्तरित ठेवू नका.