मिरगाच्या आधी डोंगरातली शाळा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात किंवा भीमगड अभयारण्याच्या पोटातल्या गावांत, वीस-पंचवीस पटाची सरकारी मराठी शाळा जुलैमध्ये खरंच चालते की नुसती उघडी असते, हे मे महिन्यातच ठरून गेलेलं असतं. शाळा एका गावात. मुलं येणार आजूबाजूच्या तीन-चार वाड्यांतून, एखाद्या गवळीवाड्यावरून. मध्ये ओहोळ. त्यात कर्नाटकातली शाळा मेअखेरीसच उघडते, महाराष्ट्रासारखी जूनच्या मध्याला नाही. म्हणजे पावसाळ्याची तयारी सुट्टीतच उरकायची, आणि नेमके तेव्हा गुरुजी-बाई आपापल्या गावी गेलेले असतात. कामं पालकांच्या शाळा समितीलाच करावी लागतात.

म्हणून एप्रिलमध्ये सुट्टी लागायच्या दिवशीच एक किल्ली शाळेजवळ राहणाऱ्या समिती सदस्याकडे द्यावी आणि ठराव वहीत तशी नोंद करावी. नोंद नसली की मेमध्ये कुलूप कुणी काढलं यावरूनच वाद होतो. काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात धरावं. नंतर लग्नं, मग धूळवाफ पेरणी. माणूस मिळत नाही.

पैशाचं आधीच बघावं. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये शाळा अनुदान धरलेलं आहे. त्यात अख्ख्या छपराचं काम होत नाही, कौलं आणि सिमेंट तेवढं निघतं. मोठ्या कामासाठी ग्रामपंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) अर्ज द्यायचा, तो कन्नडमध्ये. त्याची मराठी प्रत आपल्या फाईलला लावावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सदस्यांना आपण काय मागितलं होतं ते वाचता येतं. अभयारण्याच्या हद्दीत वासे-बांबू तोडायचे तर वनखात्याला आधी विचारावं. छपरावर आलेली फांदीसुद्धा परस्पर तोडू नये.

कौलं चाळणं

चाळणं म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावणं. चढण्याआधी आतून बघा. भर दुपारी खोलीची दारं-खिडक्या बंद करून पाच मिनिटं अंधारात उभं राहायचं. डोळे सरावले की फटी उजेडाच्या ठिपक्यांनी दिसतात. त्यांच्या बरोबर खाली जमिनीवर खडूने फुल्या मारा. एखादा वळीव पडला तर त्याच खोलीत जाऊन गळतीच्या जागी गोल काढा. फुली आणि गोल बहुधा एका जागी येत नाहीत, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पाणी भोकातून सरळ खाली पडत नाही. ते रिपेवरून (कौलांखालच्या आडव्या पट्टीवरून), वाशावरून घसरत येतं आणि दोन-तीन हात खालच्या बाजूला टपकतं. म्हणून गोलापासून आढ्याच्या दिशेने वर शोधत जायचं. गोलाच्या बरोबर वरचं कौल बदललं तर गळती तशीच राहते.

मंगलोरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि साडेतेवीस रुंद असतं, एक चौरस मीटरला १५ लागतात. सहा बाय पाच मीटरची खोली, चारी बाजूंनी दोन फूट पागोळी आणि ३० अंशांचा उतार धरला तर ७७० च्या आसपास कौलं होतात. चाळताना शंभरात पाच-सात फुटतातच. तेव्हा ५०-६० नवी कौलं आधीच आणून ठेवावीत. खानापुरात कौलांच्या भट्ट्या आहेत, पण डोळे झाकून आणू नका. जुनं एक कौल बरोबर न्या आणि नवं त्याच्यावर बसवून बघा. प्रत्येक कारखान्याच्या साच्यात खाचेचा थोडा फरक असतो. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून कितीतरी छापांची कौलं बाजारात आली, आणि जुन्या शाळेच्या एकाच छपरावर तीन छाप सापडतात. खाच जुळत नसेल तर दोन्ही प्रकार एका ओळीत मिसळू नयेत. नवी कौलं एका बाजूला, पूर्ण ओळीत लावावीत.

चांगलं कौल बोटाच्या पेराने वाजवलं की खणखणतं. बद्द वाजलं तर चीर आहे, दिसत नसली तरी. मागच्या खुंट्या तुटलेलं कौल वाऱ्याने सरकणार, तेही बाद. शेवाळ आलेलं मात्र फेकू नका. काथ्याने घासून दोन दिवस उन्हात टाकलं की चालतं.

छपरावर चालताना पाय कौलाच्या मध्यावर पडू देऊ नये. कौलाचं वरचं टोक रिपेवर टेकतं, तिथेच पाय ठेवायचा, नाहीतर फळी टाकून तिच्यावर बसायचं. कौलं खालून, पागोळीच्या ओळीपासून लावत वर जायची. रीप आणि वासे उघडे पडले की स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज रुतलं तर आत वाळवी आहे, तो तुकडा बदलाच. उरलेल्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपल्याकडे पद्धत आहे. ते चांगलंच काम करतं, पण कातडी भाजते. हातमोजे घाला, आणि मुलं यायच्या निदान आठ दिवस आधी लावून मोकळे व्हा.

आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याची कौलं, शेवटी. पातळ, सिमेंट जास्त असलेला गिलावा उन्हात तडकतो आणि पुढे त्याच तड्यातून पाणी आत येतं. एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू असा माल करा, आधी कौल भिजवून घ्या, आणि चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. मेमध्ये टंचाईत ते पाणी कुठून आणायचं हेही आधीच ठरवा. याच टप्प्यावर काम अर्धवट सुटतं.

जाता जाता एक गोष्ट: प्रत्येक खोलीवर दोन-तीन काचेची कौलं बसवून घ्या. पावसात वीज आठवडाभर जाते आणि ढगाळ दुपारी फळा दिसत नाही. फक्त ती फळ्याच्या थेट वर नकोत, चकाकी येते. पत्र्याच्या खोलीत तर आवाजाचीच अडचण. जोराची सर आली की बोललेलं दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. त्या खोलीत पाटीवरचं, लेखी काम ठेवावं आणि वाचन, कविता कौलारू खोलीत घ्याव्यात.

पश्चिमेच्या भिंतीला झडी, म्हणजे पावसाचे आडोसे, बांधायच्या. गवताच्या असोत की ताडपत्रीच्या, भिंतीला चिकटवू नका. वीतभर अंतर सोडून बांबूवर ताणा. चिकटलेली ताडपत्री पाऊस अडवते खरी, पण आतली ओल कोंडते आणि गणपतीपर्यंत गिलावा फुगतो.

तांदूळ, डाळ आणि ओल

अक्षर दासोहाचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेचं, धान्य पावसात वेळेवर पोचेल असं धरून चालू नये. रस्ता बंद झाला की गाडी येत नाही. हिशोब सोपा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. पट २२ असेल तर दिवसाला २ किलो २०० ग्रॅम तांदूळ, ४४० ग्रॅम डाळ, ११० ग्रॅम तेल. महिन्याचे २४ दिवस धरले तर तांदूळ ५३ किलोच्या आत, डाळ साडेदहा किलो, तेल अडीच किलोच्या थोडं वर. सहावी-सातवी असेल तर त्या मुलांना दीडपट.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दीड महिन्याचा साठा हातात असावा. त्याहून जास्त भरू नका, कारण ओलीत तांदूळ टिकत नाही. पोती फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून दोन फूट लांब ठेवा. भिंतीला टेकलेल्या पोत्याच्या मागच्या बाजूला आधी बुरशी येते, आणि पुढून काहीच दिसत नाही. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. दबला तर पोतं उघडून ऊन पडेल त्या दिवशी पसरा. आधी आलेलं पोतं आधी काढायचं, त्यासाठी पोत्यावर तारीख लिहायची. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कुणी नाही.

दुधाची पावडर मुलामागे १८ ग्रॅम, तिचं दूध १५० मिलिलिटर. २२ मुलांना ३९६ ग्रॅम. पाकीट एकदा उघडलं की पावसाळी हवेत दोन दिवसांत गोळे होतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ओता आणि चमचाही कोरडाच ठेवा. पावडर उकळत्या पाण्यात टाकू नये. आधी कोमट पाण्यात खिरीसारखी कालवून मग गरम पाणी वाढवावं.

जळण चुलीजवळ रचू नका. घोणस, मण्यार कोरड्या जागेच्या शोधात तिथेच शिरतात. स्वयंपाकीण बाईंनी लाकूड काठीने हलवूनच उचलावं.

टाकीतल्या स्वच्छ पाण्याला १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. वाटीभर पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणीच टाकीत ओतायचं आणि तासभर थांबायचं. गढूळ पाण्यावर हे प्रमाण पुरत नाही. ते आधी निवळून, फडक्याने गाळून, उकळून प्यायला द्यावं.

जनरल रजिस्टरचं प्रत्येक पान मेमध्येच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जन्मतारीख आणि जातीच्या नोंदीसाठी लोक चाळीस वर्षांनी शाळेत येतात. रजिस्टर प्लास्टिकमध्ये बांधू नका, आत घाम धरतो. सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवा आणि खाली वाटीत कळीचा चुना.

ओहोळाची खूण

मुलांच्या वाटेवरचा प्रत्येक ओहोळ कोरडा असतानाच मोजायचा. लोक पाणी आल्यावर काठावरून अंदाज बांधतात, तो चुकतो. काठाला घोटाभर दिसतं आणि मध्ये कंबरेइतकं असतं. मेमध्ये पात्रात उतरून वाटेवरची सर्वांत खोल जागा शोधा. गवंड्याकडची लेव्हलची नळी घ्या. एक टोक त्या खोल जागी उभ्या केलेल्या काठीवर १५ सेंटिमीटर उंचीला धरा, दुसरं काठावरच्या मोठ्या दगडाला किंवा साकवाच्या खांबाला. नळीतलं पाणी स्थिर झालं की दगडावर पांढरी रेघ मारा. मग काठीवर ३० सेंटिमीटरला धरून लाल रेघ. पहिलीतल्या मुलाचा गुडघा साधारण तिथेच येतो. पांढऱ्याच्या खाली पाणी असेल तर मोठ्या मुलांबरोबर यावं. पांढऱ्या-लालच्या मध्ये असेल तर मोठ्या माणसाने हात धरून आणावं. लाल बुडालं की कुणीही उतरायचं नाही, गुरुजींनीही नाही. पुरात दगड वाहून पात्र बदलतं, म्हणून रेघा दर मेमध्ये नव्याने मोजून मारायच्या. जुन्यावरच रंग फासला तर खूण खोटी पडते.

सकाळी पार झालेला ओहोळ संध्याकाळी पार होईलच असं नाही. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उशिरा पोचतो. पाणी चढायच्या आधी गढूळ होतं, पालापाचोळा वाहू लागतो. रोज दुपारी दोनला कुणीतरी जाऊन रेघ बघून यायचं. पाण्याचा रंग बदललेला असेल तर पलीकडच्या वाडीची मुलं तेव्हाच सोडायची, सोबत माणूस देऊन. सुट्टी जाहीर झालेले दिवस पुढे भरून काढावे लागतात. शनिवारची शाळा सकाळची असते, दुपारचे तास तिथे बसतात.

मुलं अलीकडेच अडकली तर रात्री कुठे राहतील, हे जूनच्या पालकसभेत घरवार ठरवा. मुलाचं नाव, अलीकडच्या घराचं नाव, पलीकडे निरोप पोचवणाऱ्याचं नाव, एवढा तीन रकान्यांचा कागद मराठीत लिहून वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. नेटवर्क कुठल्या टेकाडावर लागतं, तेही त्याच कागदावर खाली लिहा.