मोतीबिंदूचं ऑपरेशन: आधी, त्या दिवशी आणि नंतर या चुका टाळा

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. बहुतेक वेळा टाका पडत नाही आणि पेशंट त्याच दिवशी घरी जातो. सगळं इतकं सोपं झाल्यामुळे घरची मंडळी निर्धास्त होतात. थिएटरमधली वीस मिनिटं सर्जनच्या हातात असतात, पण त्याआधीचे काही आठवडे आणि नंतरचा महिना-दीड महिना पेशंटच्या आणि घरच्यांच्या हातात असतो. नेत्रविभागात रोज पेशंट बघताना जाणवतं की चुका होतात त्या बहुतेक याच काळात, आणि त्यातल्या बऱ्याचशा सहज टाळता येतात.

"पिकू दे, मग बघू"

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडणारी चूक. एके काळी या सल्ल्याला अर्थ होता. तेव्हा डोळ्याला मोठा छेद घेऊन डोळ्यातलं गढूळ झालेलं अख्खं भिंग, म्हणजेच मोतीबिंदू, बाहेर काढावं लागायचं, टाके पडायचे, पेशंटला दिवसेंदिवस न हलता पडून राहावं लागायचं आणि शेवटी जाड भिंगाचा चष्मा नाकावर यायचा. त्यामुळे अगदी दिसेनासं झाल्याशिवाय कोणी ऑपरेशनला तयार होत नसे.

आता फेको पद्धतीत अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि तिथेच घडी केलेली कृत्रिम लेन्स बसवतात. मोतीबिंदू जितका कडक, तितकी तो फोडायला जास्त ऊर्जा लागते, आणि तितकी बुबुळाला सूज येण्याची शक्यता वाढते. पूर्ण पिकून पांढरा झालेला मोतीबिंदू फुगतो किंवा पाझरतो. मग डोळ्यातला दाब एकदम चढतो, डोळा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात. अशा अवस्थेत रात्री धावपळ करत आलेल्या पेशंटची डोळ्याची नस आधीच दुखावलेली असेल, तर ऑपरेशन उत्तम होऊनही नजर पूर्ण परत येत नाही.

मग ऑपरेशन करायचं कधी? रोजच्या कामात अडचण येऊ लागली की. तांदूळ निवडताना खडा दिसत नाही, एसटीची पाटी जवळ आल्याशिवाय वाचता येत नाही, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतोय, ही वेळ झाल्याची लक्षणं आहेत. उन्हाळा, पावसाळा, थंडी यांचा ऑपरेशनशी संबंध नाही. आजही पुष्कळ आजी-आजोबा दिवाळीनंतरच करायचं म्हणून सहा-सहा महिने चाचपडत काढतात, आणि त्या अंधुक नजरेत मोरीत पाय घसरून पडतात.

याहून वाईट गोष्ट म्हणजे तपासणी न करताच "मोतीबिंदूच असेल" असं घरी ठरवून टाकणं. काचबिंदूतही डोळ्याची नस खराब होत जाऊन नजर हळूहळू जाते आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. दोन्ही आजार एकाच डोळ्यात असू शकतात. ऑपरेशन पुढे ढकलायचं असेल तर ढकला, तपासणी मात्र ढकलू नका.

मोतीबिंदू विरघळवणारे थेंब नाहीत. मध, गुलाबपाणी, एरंडेल, कांद्याचा रस यातलं काहीही डोळ्यात घालू नका. मोतीबिंदू कमी होणार नाहीच, वर बुबुळाला जंतुसंसर्ग झाला तर ऑपरेशनही लांबणीवर पडेल.

गोळ्यांबद्दल अर्धवट माहिती देणं

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?" या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर असतं, "बीपीची एक आणि शुगरची एक." लघवीच्या त्रासाची गोळी राहून जाते, कारण तिचा डोळ्याशी काय संबंध असणार असं वाटतं. संबंध आहे. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिन ही गोळी घेणाऱ्यांची बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी होत नाही आणि तिच्या कडा ढिल्या पडून छेदाकडे सरकतात. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीनिशी उतरतो. गोळी काही महिन्यांपूर्वी बंद केली असली, तरीही सांगायचं. सगळ्यांत सोपं म्हणजे घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून ती पिशवीच डॉक्टरांपुढे रिकामी करा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्या थांबवल्या तर धोका डोळ्याला नाही, हृदयाला असतो. त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे नेत्रतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.

मधुमेह असेल तर शुगर आटोक्यात आणण्याबरोबरच डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या. मधुमेहाने तो खराब झालेला असेल तर नवी लेन्स बसूनही अपेक्षेइतकं दिसत नाही, आणि घरचे म्हणतात ऑपरेशन फसलं. हे आधी समजलं तर पडद्यावर आधी उपचार करता येतात, निदान किती दिसेल याची खरी कल्पना तरी येते. दात सुजलाय, कान वाहतोय, डोळ्याच्या कोपऱ्यातून सतत पाणी किंवा पू येतोय, तर तेही लपवू नका. ते आधी बरं करून मगच डोळ्याला हात लावतात.

लेन्स पॅकेजच्या रेटवरून निवडणं

"सगळ्यात भारी ती टाका," असं मुलं प्रेमापोटी म्हणतात. पण महाग लेन्स प्रत्येक डोळ्याला मानवतेच असं नाही. साध्या, म्हणजे मोनोफोकल लेन्सने लांबचं स्वच्छ दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलने चष्म्याची गरज बरीच कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि अंधुक उजेडात वस्तू आणि तिच्या मागची पार्श्वभूमी यांतला फरक थोडा कमी कळतो. ज्यांचा मागचा पडदा खराब आहे, काचबिंदू वाढलेला आहे किंवा रात्री गाडी चालवणं हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांना बहुतेक वेळा ती सुचवत नाहीत. डोळ्याला तिरका नंबर जास्त असेल तर टोरिक लेन्सचा विचार होतो. ती साध्या लेन्सपेक्षा महाग असली तरी अशा डोळ्यात तिचा उपयोग खरोखर होतो.

डॉक्टरांना "कुठली भारी?" असं विचारू नका. "मला दिवसभर काय काम करावं लागतं" ते सांगा आणि "नंतर कशासाठी चष्मा लागेल?" हे विचारा. फेकोला सर्रास "लेसरचं ऑपरेशन" म्हणतात, पण फेकोत लेसर नसतो. खरं लेसर असलेली पद्धत वेगळी आणि महाग आहे. तेव्हा कशाचे पैसे भरतोय, हे विचारून घ्या.

पैशाअभावी तर कोणीच थांबू नये. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि जिल्हा रुग्णालयांत लेन्ससह ऑपरेशन मोफत होतं. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून भारतात लेन्स बनवायला सुरुवात केली आणि परदेशी लेन्सच्या मानाने किंमत खूप खाली आली. देशी साधी लेन्स घातलेला माणूस आयुष्यभर उत्तम बघतो.

त्या दिवशी

डोक्यावरून अंघोळ, दाढी हे सकाळीच आटपून या, कारण पुढे काही दिवस जमणार नाही. काजळ, सुरमा नको. बीपीची गोळी "आज उपाशी राहायचंय" म्हणून चुकवू नका. खायचं की नाही, शुगरची गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशी स्पष्ट विचारून घ्या. खोकला असेल किंवा सपाट झोपलं की दम लागत असेल तर टेबलावर जाण्याआधी सांगा. डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो. त्याला प्रखर उजेड दिसतो, मशीनचा आवाज आणि बोलणं ऐकू येतं. खाज आली, खोकला आला तर तोंडाने सांगायचं, हात वर आणायचा नाही. ही एक गोष्ट घरून निघतानाच दोनदा बजावून ठेवा.

थेंब: सगळ्यात जास्त चुका इथे

खाटेवर बसलेल्या आजी मान थोडी मागे करतात, बाटली कपाळाजवळ धरतात, डोळा घट्ट मिटतात आणि दाबतात. थेंब गालावरून ओघळतो. पदराने तो पुसतात, पदराचं टोक डोळ्यालाही लागतं, आणि मग "गेला असेल थोडा" म्हणून दुसरी बाटली उघडतात. औषध घालून झालं असं घरात सगळ्यांना वाटतं. डोळ्यात मात्र काहीच गेलेलं नसतं.

नीट पद्धत अशी. आधी साबणाने हात धुवा. पेशंटला आडवं झोपवा किंवा मान पूर्ण मागे टेकवून बसवा. त्यांना वर छताकडे बघायला सांगा. खालची पापणी गालावरच्या बोटाने हळूच खाली ओढा, म्हणजे एक छोटा खळगा तयार होतो. त्या खळग्यात एकच थेंब सोडा. बाटलीचं तोंड पापणीला, केसांना किंवा डोळ्याला लागता कामा नये. नंतर डोळा अलगद मिटून दोन मिनिटं तसाच राहू द्या. पुढचं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. काही औषधं दुधासारखी पांढरट असतात, ती दर वेळी हलवूनच घालायची. थेंब घालण्याचं काम घरातल्या एकाच माणसाने अंगावर घ्यावं आणि प्रत्येक वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. "मी समजले तुम्ही घातलं" या गोंधळात अख्खे दिवस निघून जातात.

दुसरी चूक थेंब लवकर बंद करण्याची. आठवड्याभरात छान दिसायला लागतं, डोळा पांढरा होतो, मग कशाला औषध असं वाटतं. पण आतली सूज अजून उतरत असते. थेंब दर आठवड्याला हळूहळू कमी करत चार ते सहा आठवड्यांत बंद करतात, त्यामागे कारण आहे. मध्येच थांबवले तर सूज उलटते, कधी मागच्या पडद्याच्या मध्यभागीही येते. मग आधी स्वच्छ दिसणारं महिनाभराने धूसर होतं.

याच्या उलट चूकही तितकीच घातक. थेंब घातले की बरं वाटतं, म्हणून काही जण तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन्‌महिने बाटल्या आणत राहतात. त्यात स्टेरॉइड असतं. ते जास्त दिवस चाललं तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, तोही दुखल्याखुपल्याशिवाय, आणि नस खराब होते. मोतीबिंदूतून वाचवलेला डोळा काचबिंदूला देऊ नका. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्या आणि एकाची बाटली दुसऱ्याला देऊ नका.

पाणी, धूर, वाकणं आणि खाणं

नळाचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. आठ-दहा दिवस मानेखालूनच अंघोळ करा, चेहरा ओल्या स्वच्छ कापडाने पुसा, केस धुवायचेच असतील तर पार्लरसारखं मान मागे टाकून दुसऱ्याने धुवावेत. चूल, पीठगिरणी, मळणी, गोठा यांपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत लांब राहा. विहिरीत, नदीत, पोहण्याच्या तलावात महिनाभर उतरू नका. रात्री प्लास्टिकची ढाल चिकटपट्टीने लावूनच झोपा, कारण झोपेत हात नकळत डोळ्याकडे जातो. नातवंडं कुशीत झोपत असतील तर काही दिवस दुसरीकडे झोपवा. जड कळशी, सिलिंडर उचलू नका. शीर्षासन, सूर्यनमस्कार काही आठवडे बंद.

खाण्याचं पथ्य मात्र उगाच पाळलं जातं. आंबट, वांगं, डाळ यांनी डोळ्यात पू होत नाही. पथ्याच्या नावाखाली नुसत्या भातावर ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसाला बद्धकोष्ठ होतं, आणि मग कुंथून डोळ्यावर ताण येतो. भाजी, फळं, पाणी भरपूर द्या. मधुमेह्यांनी आपलं नेहमीचं पथ्य पाळावं. टीव्ही बघायला, पेपर वाचायला हरकत नाही.

काय साहजिक आहे आणि कधी धावायचं

पहिले दोन-चार दिवस डोळ्यात कण गेल्यासारखं खुपणं, थोडं पाणी येणं, उजेड जास्त वाटणं, थोडी लाली, पांढऱ्या रंगात निळसर झाक दिसणं, हे सगळं नेहमीचं आहे. ते दिवसागणिक कमी व्हायला हवं.

उलट, दुखणं वाढत चाललंय, लाली वाढतेय, आलेली नजर पुन्हा कमी होतेय, पू येतोय, डोळ्याबरोबर डोकं दुखून उलट्या होताहेत, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात जा. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच दिसतो आणि त्यात तासातासाने नुकसान होतं. "उद्या तपासणीची तारीख आहेच" किंवा "रविवार आहे" म्हणून थांबू नका. पेनकिलर देऊन झोपवू नका. डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखं होणं, अचानक खूप काळे ठिपके तरंगणं, एका बाजूने सावली सरकत येणं, ही मागचा पडदा सुटत असल्याची लक्षणं असू शकतात. ती महिन्यांनी आली तरी तितकीच तातडीची.

चष्म्याची घाई आणि "परत मोतीबिंदू झाला"

पक्का नंबर चार ते सहा आठवड्यांनी ठरतो. त्याआधी बनवलेला चष्मा बहुतेकदा वाया जातो. गाडी चालवायची तर दोन्ही डोळ्यांची नजर तपासून डॉक्टरांची परवानगी घ्या. पूर्वी जास्त नंबर असलेल्यांना एका डोळ्याच्या ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांचा मेळ बसत नाही, जिना उतरताना पायरी चुकते. अशांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन फार लांबवू नये. लेन्सचा प्रकार आणि नंबर लिहिलेलं कार्ड मिळतं, ते आधार कार्डाशेजारी जपून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ते लागतं.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं की लोक म्हणतात, लेन्स खराब निघाली, किंवा मोतीबिंदू परत आला. मोतीबिंदू परत येत नाही. ज्या पातळ पिशवीत लेन्स बसवलेली असते, तिच्या मागच्या बाजूवर जाळी धरते. याग लेसरने त्या जाळीला मधोमध खिडकी पाडतात. काही मिनिटांचं काम, ओपीडीत बसल्या जागी, छेद नाही, पट्टी नाही. नुसतं धूसर दिसतंय म्हणून वर्षभर नवनवे चष्मे करत बसण्याआधी एकदा बाहुली मोठी करून तपासून घ्या.