बंपर बसवण्याआधी पिकअप वजनकाट्यावर घाला

लहान इंजिनाच्या पिकअपला स्टीलचा बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र), टपावरचं कॅरियर, हौद्यावरचं झाकण असं एकेक जोडत गेलं की वजन कधी २०० किलोनं वाढतं ते कळतही नाही. १८०० किलोची गाडी २००० किलोची झाली की तेवढ्याच ताकदीत तिचा उठाव, म्हणजे वेग पकडण्याची क्षमता, साधारण १० टक्क्यांनी घटतो. मोठ्या इंजिनाकडे राखीव जोर असतो. लहान इंजिनाला मात्र चढावर गिअर खाली टाकावा लागतो, आणि ओव्हरटेक करताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

वजन कुठे बसतं, हे तर अजून महत्त्वाचं. चाकांच्या दोन आसांमध्ये ३ मीटर अंतर असेल आणि पुढच्या आसाच्या १ मीटर पुढे ६० किलोचा बंपर लावला, तर पुढच्या आसावर ८० किलो वाढतात आणि मागच्यावरचे २० कमी होतात. मग नाक खाली झुकतं, रिकाम्या गाडीची मागची पकड सैल होते.

मोठे टायर तर दुहेरी मार देतात. ते जड असतातच, शिवाय व्यास ५ टक्के वाढला की चाकावरचा जोर जवळपास तेवढाच घटतो.

ॲक्सेसरीजचा प्रत्येक किलो माल वाहण्याच्या क्षमतेतूनच वजा होतो. म्हणून टाकी भरून, नेहमीची माणसं बसवून गाडी काट्यावर घाला आणि कंपनीनं दिलेल्या कमाल एकूण वजनातून तो आकडा वजा करा. उरेल तेवढाच माल भरा. विंच वर्षभर वापरलीच नसेल तर खरंच काढून टाका.