'ठीक है सर' : आयएसएलमधला फिजिओचा पहिला हंगाम

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) फुटबॉल लीग चालू असली की गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलेला एखादा पोरगा लंगडत कडेला येतो. 'दुखतंय काय रे?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'काय नाही, चालतंय की.' संघ पाटाकडील असो, दिलबहार असो नाहीतर खंडोबा तालीम, उत्तरात फरक नाही. बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षापासून मी बॅग घेऊन त्या मैदानाच्या कडेला बसायचो, तेव्हा वाटायचं, ही आपल्या पेठांची रग आहे. वर व्यावसायिक लीगमध्ये धावण्याचा वेग नोंदवणारं जीपीएस आहे, डॉक्टर आहे, एमआरआय आहे, तिथे कोण कशाला लपवेल?

2022-23 चा आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगचा, हंगाम मी एका क्लबचा सहायक फिजिओ म्हणून काढला. करारात गोपनीयतेचं कलम आहे, म्हणून क्लबचं नाव लिहीत नाही. या कामात येऊ पाहणाऱ्यांना एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. टेपिंग, ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुई टोचून करायचा उपचार), मशिनं हे सगळं शिकता येतं. खेळाडूने तुम्हाला खरं सांगणं, हे मात्र मिळवावं लागतं, आणि हंगामाचं निम्मं काम त्यावरच चालतं.

आधी हंगामाचा अंदाज घ्या. टीव्हीवर ऑक्टोबर ते मार्च दिसला. आमचं काम जुलैत सुरू झालं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ड्युरंड कप, 7 ऑक्टोबरला कोचीत लीगचा पहिला सामना, 18 मार्चला गोव्यातल्या फातोर्ड्यात फायनल, आणि वर एप्रिलमध्ये केरळात सुपर कप. तेव्हा लीगमध्ये 11 संघ होते, म्हणजे प्रत्येकाचे 20 साखळी सामने, त्यातले 10 परगावी. गुवाहाटी, भुवनेश्वर, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, कोची, सगळीकडे फिजिओचं टेबल, बर्फाची पेटी आणि चार ट्रंका सोबत न्यायच्या. जमशेदपूरला जायचं तर आम्ही रांचीला उतरून पुढे बसने साधारण 130 किलोमीटर गेलो. बसमध्ये गुडघे दुमडून बसलेला खेळाडू उतरताना मांडीच्या मागून आखडतो, त्यामुळे वाटेत बस थांबवून सगळ्यांना दहा मिनिटं चालायला लावणं हेही आमच्याच यादीत.

सामन्याच्या दिवशी आपण मैदानात धावत जातो, तेवढंच लोकांना दिसतं. तिथला नियम पाठ असू द्या. रेफरीने खूण केल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. मैदानावर उपचार झाले की खेळाडूला बाहेर यावं लागतं आणि रेफरीच्या परवानगीनेच परत आत जाता येतं. गोलकीपरला यातून सूट आहे. ज्याने पाडलं त्याला कार्ड मिळालं असेल आणि उपचार झटपट होणार असतील, तर त्या खेळाडूलाही सूट आहे. हे माहीत नसेल तर तुमच्यामुळे संघ दोन मिनिटं 10 जणांत खेळतो आणि नेमका तेव्हाच गोल बसतो.

पण आपलं खरं काम सामन्याच्या मधल्या दिवसांत असतं. रोज सकाळी नाश्त्याआधी खेळाडू मोबाइलवर एक फॉर्म भरतात. झोप कशी झाली, थकवा किती, अंग किती दुखतंय, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 5 म्हणजे सगळं उत्तम. मी पहिले काही आठवडे नुसत्या सरासऱ्या काढत बसलो. मग लक्षात आलं की आमच्या एका विंगबॅकचे (कडेने वर-खाली धावणाऱ्या बचावपटूचे) सलग 19 दिवस 4, 4, 4 आहेत. माणसाची झोप 19 दिवस सारखी नसते. तो फॉर्म भरत नव्हता, फक्त बटण दाबत होता.

हा मुलगा मिझोरमचा, 21 वर्षांचा, पहिल्याच मोठ्या करारावर आलेला. हिंदी जेमतेम. काहीही विचारा, उत्तर 'ठीक है सर'. म्हणजे आमचं 'चालतंय की'च, फक्त ऐजॉलहून आलेलं.

नोव्हेंबरातल्या एका सरावाआधी तो बाकाजवळ बुटाची लेस बांधत होता. एरवी तो उभ्या उभ्या खाली वाकून बांधायचा. त्या दिवशी त्याने उजवा पाय बाकावर ठेवला, गुडघा चांगला वाकवला आणि मग हात खाली नेला. मांडीचा मागचा स्नायू ताणला जाऊ नये म्हणून शरीर आपोआप असं करतं. मी पाहिलं. विचारलं. 'ठीक है सर.' शेजारचा त्याचा गाववाला काहीतरी बोलला आणि हा हळूच पुटपुटला, 'आ ना.' मला वाटलं, तो 'ना' म्हणतोय. मी पुढच्या खेळाडूच्या घोट्याकडे वळलो.

मिझो भाषेत 'का लू आ ना' म्हणजे माझं डोकं दुखतंय. 'आ ना' म्हणजे दुखतंय.

हे मला दोन दिवसांनी कळलं, सामन्याच्या 34व्या मिनिटानंतर. चेंडूमागे पूर्ण वेगात धावताना त्याने मांडीला मागून हात लावला आणि दोन पावलांत थांबला. हॅमस्ट्रिंग, तोच मांडीचा मागचा स्नायू. फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त होणारी स्नायूची दुखापत हीच, आणि बहुतेक वेळा अशीच, पूर्ण वेगात धावताना. एमआरआयमध्ये स्नायूचे काही तंतू तुटलेले दिसले. पाच आठवडे गेले. चूक माझी होती. मी लेस बघितली होती, चाचणी केली नव्हती.

रिहॅबच्या पाच आठवड्यांत रोज दोन-तीन तास आम्ही दोघंच असायचो. तिसऱ्या आठवड्यात त्याने न विचारता सांगितलं की सप्टेंबरात त्याने मला एकदा 'थोडा टाइट है' म्हटलं होतं. मला आठवलं. मी तेव्हा लगेच मैदानावर जाऊन मुख्य प्रशिक्षकांच्या कानावर घातलं होतं, माझं कर्तव्य म्हणून. दुसऱ्या दिवशी पहिल्या अकरात त्याचं नाव नव्हतं. ते मी विसरलो होतो, तो विसरला नव्हता.

त्याचा हिशेब समजून घ्या. मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त 4 परदेशी, म्हणजे भारतीयांसाठी निदान 7 जागा. त्या जागांसाठी संघात वीसेक भारतीय मुलं. करार एक-दोन हंगामांचा. मागे आई-वडील, भावंडं, कधी कधी अख्खं घर त्या पगारावर. तुमच्या जागी दुसरा तीन सामने चांगला खेळला तर तुम्ही मार्चपर्यंत बाकावर. अशा मुलाने 'टाइट' हा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे केवढी जोखीम. त्याला भित्रा किंवा खोटारडा समजू नका. त्याने एकदा खरं बोलून पाहिलं होतं आणि त्याची किंमत मोजली होती.

त्यानंतर आमच्या वैद्यकीय टीमने पद्धत बदलली. प्रशिक्षकांपासून काही लपवायचं नाही, हे पक्कं. पण खेळाडूने काही सांगितलं तर आधी तपासायचं, मग 'मी हे अमुक शब्दांत प्रशिक्षकांना सांगणार आहे' असं त्यालाच सांगायचं, आणि मगच प्रशिक्षकांकडे जायचं. नुसतं 'टाइट आहे' असं सांगायचं नाही, त्यासोबत तो काय करू शकतो हेही सांगायचं. 'आज लांब स्प्रिंट नकोत, बाकी सगळा सराव करेल, उद्या सकाळी परत बघतो.' आणि संघनिवडीबद्दल आपण सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत तोंड उघडायचं नाही. एवढ्यावरच हळूहळू मुलं टेबलाकडे यायला लागली. आधी डोकं दुखतंय म्हणून, मग झोप येत नाही म्हणून, आणि नंतर ज्यासाठी यायला हवं त्यासाठी.

दुखण्याचे शब्द शिका. मल्याळममध्ये 'वेदना उंडो?', बंगालीत 'ब्यथा कोरछे?', कोंकणीत तर 'दुखता?', ते आपल्याला उपजतच येतं. मोडक्यातोडक्या उच्चारात विचारलं तरी समोरच्याचा चेहरा बदलतो.

प्रशिक्षकांसमोर उभं राहणं हा वेगळा धडा. आमचे प्रशिक्षक परदेशी होते, माणूस चांगला, पण पॉइंट हवे असले की सगळेच प्रशिक्षक सारखे. 'मला तो 60 मिनिटं हवाय.' यावर 'नाही' म्हटलं की वाद होतो. आकडा ठेवला की बोलणं होतं. त्याचा स्वतःचा सर्वोच्च वेग जीपीएसमध्ये नोंदलेला असतो. परतताना तो त्याच्या 90 टक्क्यांपर्यंत किती वेळा आणि दुसऱ्या दिवशी न दुखता पोहोचला? दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या तुलनेत किती? मी हे एका कागदावर लिहून न्यायचो. दोनदा त्यांनी माझं ऐकलं, एकदा नाही ऐकलं. ऐकलं नाही त्या वेळी मी माझं मत तारीख घालून मेडिकल फाइलमध्ये लिहून ठेवलं आणि टेपिंग करायला बसलो. दोन्ही करायचं असतं.

औषधांबद्दल कॉलेजात फार कमी शिकवतात, म्हणून थोडं सविस्तर. डिसेंबरात गुवाहाटीच्या थंडीत एका खेळाडूला खोकला झाला आणि त्याने बाहेरच्या दुकानातून सिरप आणलं. पिण्याआधी त्याने बाटली आणून दाखवली. लेबलवर टर्ब्युटालिन. आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या औषधांत हा घटक असतो आणि उत्तेजकांच्या जागतिक यादीत तो स्पर्धा असो वा नसो, कायम बंदी असलेल्यांत आहे. नाडाचे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे) लोक नमुना घ्यायला कधीही येऊ शकतात आणि 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर तिथे चालत नाही. यादी दर 1 जानेवारीला बदलते. 2022 पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन बंद झालं, मग ते सांध्यातलं का असेना. 2024 पासून ट्रामाडॉल हे वेदनाशामकही स्पर्धेच्या काळात बंद झालं. दर वर्षी डिसेंबरातच नवी यादी छापून बॅगेत ठेवा. ती बाटली मी आणि डॉक्टरांनी मिळून बेसिनमध्ये ओतली आणि त्याला वाफ दिली.

दुखापत टाळण्याचे व्यायाम कंटाळवाणे असतात आणि तेच कामाला येतात. नॉर्डिक म्हणजे गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि सरळ पाठीने सावकाश पुढे झुकायचं. मुलं टाळतात, कारण पहिले दोन आठवडे मांड्या भरून येतात. सामन्याच्या आदल्या दिवशी चुकूनही घेऊ नका. आम्ही सामन्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी घ्यायचो, आणि मी स्वतः त्यांच्याबरोबर करायचो.

त्या हंगामात मुंबई सिटी सलग 18 सामने हरली नाही आणि 11 फेब्रुवारीला फातोर्ड्यात एफसी गोवाला 5-3 ने हरवून तिने शील्ड (साखळीत पहिलं येणाऱ्या संघाचा किताब) पक्की केली. लोक अशा मालिकेत गोल मोजतात. मला मात्र त्यांच्या फिजिओच्या खोलीत जाऊन बसावंसं वाटलं होतं. फायनल 120 मिनिटं चालून 2-2 राहिली, एटीके मोहन बागान आणि बेंगळुरूचे खेळाडू पायात गोळे येत असताना पेनल्टीपर्यंत पोहोचले, आणि बागानने 4-3 ने ती जिंकली. मार्चमधल्या त्या शेवटच्या अर्ध्या तासाची तयारी जुलैत झालेली असते.

आता या कामात यायचं कसं, ते. बीपीटीएच माझ्या वेळी साडेचार वर्षांचं होतं, इंटर्नशिप धरून. राज्याच्या ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी करून घ्या. क्रीडा विषयातलं एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, असेल तर उत्तम, पण नुसत्या पदवीवर क्लब घेत नाहीत, मैदानावरचे तास बघतात. फिफाचा फुटबॉल मेडिसिनचा डिप्लोमा ऑनलाइन आणि मोफत आहे, तो शेवटच्या वर्षातच करून टाका. आपल्या गावच्या संघाच्या बाकावर बसा, पैसे मिळाले नाहीत तरी. मला मुलाखतीत शस्त्रक्रियेबद्दल एकही प्रश्न आला नाही. शाहू स्टेडियमवर एका दिवशी किती दुखापती पाहिल्या आणि त्यांची नोंद कशी ठेवली, यावर अर्धा तास गेला. माझ्या वह्या होत्या, त्या दाखवल्या. क्लब जून-जुलैत माणसं घेतात, अर्ज त्याआधी गेलेला बरा.

करार नीट वाचा. किती महिन्यांचा आहे, राहण्याची सोय कुणाची, तुमचा स्वतःचा विमा आहे का, हंगाम लांबला किंवा थांबला तर पगाराचं काय. हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला 15 वर्षांचा करार संपत आला आणि 2025-26 चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. काही क्लबांनी पहिल्या संघाचं कामच थांबवलं. तेव्हा खेळाडूंच्या बातम्या छापून आल्या. किटमॅन, मसाजवाले आणि फिजिओ घरी बसले, ते कुणाला दिसले नाहीत. शक्य असेल तर गावात एखाद्या दवाखान्याशी नातं ठेवून असा.

राहिला तो विंगबॅक. जानेवारीत तो परतला, पहिल्यांदा 20 मिनिटं, मग 45, मग पूर्ण सामना. फेब्रुवारीत आम्ही जमशेदपूरला पोहोचलो, तोच रांचीहून बसचा प्रवास करून. रात्री साडेदहाला माझ्या खोलीचं दार वाजलं. हा उभा, पायात चपला, हातात मोबाइल. सकाळच्या फॉर्मवर त्याने दुखण्यापुढे 2 टाकले होते आणि ते मी पाहिलंय की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

'सर,' तो म्हणाला, 'आ ना.' आणि उजव्या मांडीला मागे हात लावून दाखवला.

मी घडी घातलेलं टेबल उघडलं.