जुनी फास्ट गाडी घेताय? आधी हळू चालवून बघा

पेंट कसा तपासायचा, बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे कसे शोधायचे हे मी सांगत बसणार नाही. ज्याला टर्बो गाडी घ्यायचीये त्याने एवढं तरी बघून ठेवलेलं असतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. चार चाकांना चार कंपन्यांचे टायर असतील तर मालकाने ऑइल बदलतानाही असाच हात आखडलेला असणार, मी तिथूनच मागे फिरतो.

मालकाला फोनवरच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा, कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी या. सेल मारताना मित्राला मागे उभा करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बो नाहीतर वाल्व्ह सील गेलंय, आणि चेनवाल्या इंजिनात पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड आली तर टायमिंग चेन ढिली पडल्याचा संशय घ्या.

आता गिअरबॉक्स. मी माती खाल्ली ती इथे.

माझी पहिली टर्बो ऑटोमॅटिक मी रविवारी सकाळी सातला चालवून बघितली, पाषाण रोड रिकामा, शेजारी डीलरचा पोरगा म्हणतोय "दाबा ना सर", मी दाबली, पाठ सीटला चिकटली आणि उतरल्या उतरल्या टोकन दिलं. दोन आठवड्यांनी संध्याकाळी हिंजवडीहून वाकडच्या पुलाकडे मुंगीच्या पावलाने सरकत होतो आणि दर वेळी ब्रेक सोडला की गाडी कुकरच्या झाकणासारखी थरथरायची, कपहोल्डरमधल्या बाटलीतलं पाणी हलताना दिसत होतं. क्लच संपले होते. आधीच्या मालकाने रिमॅप मारून, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून, गाडी पिळली आणि विकायच्या आधी परत स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, करून ठेवली, हे नंतर कळलं.

कारण समजून घ्या म्हणजे टेस्ट कशी घ्यायची ते आपोआप कळेल. डीएसजी म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच्या सात गिअरच्या डीक्यू२०० प्रकारात हे क्लच कोरडे, ऑइलमध्ये बुडलेले नसतात. रिकाम्या रस्त्यावर ते पूर्ण पकडलेले असतात, त्यामुळे सकाळी सगळं लोण्यासारखं वाटतं. ट्रॅफिकमध्ये ते अर्धवट पकडून घासत राहतात, तापतात, आणि झिजलेला क्लच तेव्हाच बोलतो. शिवाय या गिअरबॉक्सची टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, सहन करायची मर्यादा २५० न्यूटन मीटर. स्कोडाची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय कंपनीतूनच १८० पीएस ताकद आणि बरोबर २५० न्यूटन मीटर घेऊन यायची, म्हणजे आधीच काठोकाठ, त्यावर रिमॅप मारला की मार सगळा क्लचला.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळीच घ्या. एसी लावून किमान ४०-४५ मिनिटं खऱ्या गर्दीत, हिंजवडी नाहीतर सिंहगड रोड, पुण्यात गर्दी शोधायला जावं लागत नाही. डीमध्ये ठेवून ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, गाडी आपोआप सरकली पाहिजे आणि सीटला, पेडलला थरथर लागता कामा नये, हे आठ-दहा वेळा करा. मग अगदी हलक्या पायाने पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊ द्या, धक्का बसतो का बघा. शेवटी कुठल्यातरी सोसायटीच्या बेसमेंटच्या चढावर रिव्हर्समध्ये वर काढा, तिथे भल्याभल्या गाड्या उघड्या पडतात. "डीएसजी अशाच असतात हो" असं कोणी म्हटलं तर त्याला नमस्कार करा आणि निघा, अशा नसतात. काही हुशार लोक विकायच्या आधी अडॅप्टेशन, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने क्लचबद्दल शिकलेली सेटिंग, रिसेट करतात, गाडी काही दिवस गुळगुळीत चालते, म्हणून शक्य असेल तर आठवड्याने परत एकदा चालवा. डिस्प्लेवर गिअरची अक्षरं लुकलुकली तर विषयच संपला, मेकाट्रॉनिकचं, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोल युनिटचं, बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं.

सगळ्या गाड्यांना हे लागू नाही. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० मध्ये सहा गिअरचा डीएसजी आहे आणि त्याचे क्लच ऑइलमध्ये बुडलेले असतात, तिथे दर ६०,००० किमीला गिअरबॉक्स ऑइल बदलल्याचं बिल मागा, तोंडी नको. २०२० नंतरच्या १.० लिटर पोलो जीटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑइलमधून ताकद पोचवणारा वेगळा ऑटोमॅटिक, आहे, तिला हा क्लचचा ताप नाही.

रिमॅपबद्दल सगळे "स्टॉक आहे" म्हणतात. तुम्ही इंटेकच्या, म्हणजे इंजिनला हवा देणाऱ्या पाइपच्या, क्लॅम्पवर नवे ओरखडे बघा, एक्झॉस्टवर कापून जोडलेलं वेल्डिंग बघा, आणि स्कॅनर लावून फक्त एरर कोड बघू नका, रेडिनेस, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का, ते पण बघा. ते पूर्ण झालेलं नसेल तर कोणीतरी हल्लीच कोड पुसलेत, नाहीतर बॅटरी काढली होती, आणि बॅटरीचं कारण ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

कागद: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय टोकन नाही, गाडी एमएच-१२ असो की एमएच-१४. आणि गाडीच्या नंबरवर ई-चलन बघाच. एक्सप्रेसवेवरची ओव्हरस्पीडची दहा चलनं निघाली तर "मॅडम फक्त मंदिरात न्यायच्या" हे ऐकताना हसू तेवढं आवरा.