‘टक्क’ आवाज आला की लगेच हाउसिंग उघडू नका

कापसाच्या हंगामात आमची पिकअप हिंगणघाटच्या जिनिंगवर चालू होती. क्लच सोडला की खालून ‘टक्क’. रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘टक्क’. मेकॅनिकनं आवाज ऐकला आणि थेट हाउसिंग, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा डबा, खोललं. आतली गिअरची मुख्य जोडी, क्राउन-पिनियन, गेली म्हणाला. दोन दिवस गाडी उभी, कापूस वावरात, आकाशात ढग. आवाज निघाला प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंत फिरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या क्रॉसचा (टोकाचा चौफुलीसारखा सांधा). त्याच्या टोपीभोवती गंजाची लाल भुकटी साचली होती, पण खाली वाकून कुणी पाहिलंच नव्हतं.

प्ले, म्हणजे ढिलाई, कुठे आहे हे आधी हातानं शोधा. सपाट जागा, इंजिन बंद, चाकांना दोन्हीकडून ठोकळे, गिअर न्यूट्रल. एका हातात शाफ्ट, दुसऱ्या हातात हाउसिंगचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टनं जोडतात ती चकती) धरून उलटसुलट पिळा. दोन्ही हातांच्या मध्ये खटका लागला, तर क्रॉस गेला. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला जाणवेल असा प्ले नसतोच. दोन्ही मिळून थोडे फिरले आणि खटका हाउसिंगच्या आतून आला, तर घाबरू नका. क्राउन-पिनियनच्या दात्यांत साधारण 0.1 ते 0.25 मिमी फट मुद्दामच ठेवलेली असते, शिवाय आतल्या बाकी गिअरची फट त्यात मिळते, म्हणून फ्लँजवर ती जास्त वाटते.

तिथेच स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकलचे (पाट्यांच्या टोकाच्या कडीचे) बुश, इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंगही बघा. पांदणीच्या खड्ड्यांनी यू-बोल्ट ढिले होतात आणि आवाज अगदी क्रॉससारखाच येतो.

खाल्लेल्या क्रॉसला ग्रीस मारून हंगाम काढायचा, ही चूक आमच्याकडे घरोघरी होते. आवाज चार दिवस दबतो, टोपीतली झिजलेली सुई (बेअरिंगचा बारीक रोलर) काही भरून येत नाही. भरल्या गाडीखाली शाफ्ट तुटून पडला तर जिवावर बेतेल.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करा. स्प्लाइन (शाफ्टचा खाचांचा सरकता जोड) सुटत असेल तर तिथेही. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत बसले नाहीत, तर नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते. टोपी ठोकताना आतली एक सुई आडवी पडली की सर्क्लिप (टोपी अडवणारी कडी) खाचेत बसत नाही. तेव्हा हातोडा थांबवा, टोपी काढा.

पावसाळ्यात एक काम नक्की करा. तापलेलं हाउसिंग नाल्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हाउसिंगवरच्या हवेच्या छिद्रातून), सीलमधून पाणी ओढलं जातं. नाला ओलांडलेल्या गाडीचं हाउसिंग ऑइल तपासा. दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.